दोन म्हणाली तर सात धरा

९ मार्च, सोमवार

ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण वाचून झाल्यावर. फोन मी तीनदा केला होता. तिन्ही वेळा तू आवाज ओळखलास आणि ठेवलास, त्याला आता आठ वर्षं झाली. पत्राचं बरं असतं. तू अर्ध्यात ठेवलंस तरी मला इथे कळत नाही, मी आपली लिहीत बसते. बसते म्हणजे उभीच आहे, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. का उभी आहे ते पुढे सांगते, आधी आनंदाची बातमी.

मला नात झाली. म्हणजे झाली चार वर्षांपूर्वी, तुला सांगायची राहिली. बोलते इतकी की सून म्हणते, या घरात एक टकळी होती ती कमी पडत होती का. तू ठेवलेलं नाव सुनेला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक मीच. परवा नातीने मला विचारलं, आजी, तुझे दात झोपताना कुठे जातात? अख्खी दुपार मी हसत होते. तुला सांगावंसं वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगून तेवढी मजा नाही.

दुसरी बातमी म्हणजे उद्या मी डॉक्टरकडे जाणार आहे. साधंच काम आहे. साधं म्हणजे, आता लिहूनच टाकते, मूळव्याध. हा शब्द माझ्याकडून आलेला तुला चालणार नाही, ते मला माहीत आहे. पण ताई, आता तो माझाही झाला. दोन वर्षं रक्त जातंय, बसलं की ठणकतं, आणि मी कुणाला म्हणून सांगितलेलं नाही. माझ्या पोटात एक गोष्ट दोन वर्षं राहिली, तुझा विश्वास बसायचा नाही.

आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर एक डॉक्टरीण आहे, मुलीच्या वयाची. खाली सायकलींचं दुकान, वर दवाखाना. बाहेरच्या खोलीत बारा खुर्च्या आणि एकही माणूस बसलेला नाही, सगळे भिंतीला टेकून उभे. मला आधी वाटलं, कुणी मोठा माणूस येणार म्हणून उठलेत. एका काकांना विचारलं, तुमचं काय? म्हणाले, ब्लडप्रेशर. दुसरे म्हणाले, डोळे. मीही गुडघा सांगितला. सगळे थापा मारत होतो आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. मला हसू आवरेना, पण हसलं की दुखतं.

डॉक्टरणीने कागदावर चित्र काढून दाखवलं. आत कोंब आलाय, त्याच्या मुळाशी बारीकसं रबर चढवायचं. अंगठीहून लहान. रक्त पोचत नाही, कोंब सुकतो, आठवड्या-दहा दिवसांत रबरासकट गळून पडतो. टाके नाहीत, भूल नाही, तासाभरात घरी. भूल का नाही, तर आतल्या बाजूला म्हणे दुखायची नसच नसते. मी विचारलं, मग दोन वर्षं दुखतंय ते काय? ती म्हणाली, ते खालचं. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही, पण मान हलवली. रबर मात्र मला फार आवडलं. एवढंसं रबर आणि एवढं काम करतं.

मग फॉर्म. नर्सबाई वाचत गेली, मी सांगत गेले. एका रकान्यात मी भलतंच काहीतरी सांगून बसले, ते राहू दे.

घरीही गुडघाच सांगितलाय. मुलाला सांगावं तर तो लाजून खोलीतून निघून जाईल, सुनेला सांगावं तर शब्द कुठून आणू. मग उरलीस तूच. तुला सांगणं सोपं, कारण तू उत्तर देत नाहीस.

तुझी
टकळी

१० मार्च, मंगळवार, संध्याकाळ

ताई,

झालं. चहाला उकळी येते तेवढ्यात झालं. डाव्या कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, एक नळी, एक पिस्तुलासारखं हत्यार, टक असा आवाज, मग परत टक. दोन रबरं. डॉक्टरीण म्हणाली, आजी, संपलं. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला, हातमोज्यासकट. तो तेव्हा धरायचा नव्हता म्हणे.

उतरताना जिन्यात मी त्या ब्लडप्रेशरवाल्या काकांना सांगितलं, घाबरू नका, काही कळतसुद्धा नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाले, कशाबद्दल म्हणताय?

घरी आल्यावर मात्र गोंधळ सुरू झाला. नर्सबाईने एक कागद दिलाय, मी तो चार वेळा अक्षर लावून वाचला. आज पडून राहा. पण पडूनच राहू नका, थोडं चाला. पाणी भरपूर प्या. लघवी अडली, ताप आला किंवा दुखणं वाढत गेलं तर लगेच या. कुंथू नका. आणि सारखं जावंसं वाटेल, पण जाऊ नका, ती नुसती भावना आहे. आता भावना येते आणि जायचं नाही, तर मी करायचं काय? संडासाच्या दाराशी जाते, उभी राहते, परत येते. सून बघत असते.

गोळीचं तर विचारूच नकोस. तापाची साधी गोळी घ्यायची, सांधेदुखीची घ्यायची नाही, तिने रक्त वाढतं. आणि मी सांगून बसलेय गुडघा. सुनेने मायेने सांधेदुखीचीच गोळी आणली, पाणी घेऊन समोर उभी. मी ती गालात धरली आणि मागे जाऊन थुंकले. मग तिने माझा गुडघा चोळून दिला, अर्धा तास. इतका छान चोळला ताई, मला रडूच आलं. तिला वाटलं, दुखतंय म्हणून.

कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनदा. कपडे भिजवायचा टब घेतलाय. नात बाहेरून दार वाजवून विचारते, आजी, तू धुवायला टाकलीयेस का?

पाच वाजता नर्सबाईचा फोन. त्यांची तशी पद्धत आहे, प्रत्येकाला त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परत फोन. विचारते काय, तर दुखणं किती आहे ते आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे तुम्हाला माहीत असलेलं सगळ्यात मोठं दुखणं. मी म्हटलं, थांब बाई, विचार करू दे. मुलाच्या वेळी मी अडीच दिवस अडले होते, ते दहा म्हणावं का? मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती, ते किती? आणि हे गेले तेव्हा छातीत जे झालं ते? नर्सबाई म्हणाली, ते धरू नका आजी. आता तेच धरायचं नाही तर दहावर ठेवू काय? शिवाय डॉक्टरणीने इतकं हळुवार केलं, तिच्या हाताला मोठा आकडा कशाला लावायचा. मी म्हटलं, दोन. नर्सबाई खूश झाली, मीही झाले.

तुला म्हणून सांगते, दोन नाहीये. किती आहे ते मला कळत नाही. सकाळी बरं होतं. आता आत कुणीतरी चिमटा लावून विसरून गेल्यासारखं वाटतंय. आणि म्हणे नसच नसते तिथे. मग मला दुखतंय ते खरं की त्यांचं खरं? असेल काहीतरी. उद्या उतरेल.

तुझी
टकळी

१२ मार्च, गुरुवार

ताई,

तू बोललीस. माझ्याशी नाही, नर्सबाईशी, पण माझ्याबद्दल बोललीस. कालपासून मी तेवढंच मनात घोळवतेय.

त्या रकान्याचं आता सांगायलाच हवं. फॉर्मवर होतं की तुम्ही फोन उचलला नाहीत तर कुणाला करायचा, जवळच्या माणसाचा नंबर द्या. सुनेचा दिला असता तर गुडघ्याचं बिंग फुटलं असतं. माझ्या तोंडून तुझाच निघाला. पाठ आहे. वाटलं, कोण कशाला करतंय. मागची दोन्ही पत्रं अजून गादीखालीच होती, आज तिन्ही एकदम टाकतेय. म्हणजे काल तुला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

काल अकरा वाजता मी टबात होते. मोबाईल सुनेला ऐकू येऊ नये म्हणून कपाटात, चादरींच्या घडीत. नर्सबाईने दोनदा केला आणि मग पद्धतीप्रमाणे तुला. तिने मला सगळं जसंच्या तसं सांगितलंय, मीच तीनदा सांगायला लावलं. तिने विचारलं, तुमच्या बहिणीला काल रबर बसवलंय, आज दुखणं किती आहे? काल त्या दोन म्हणाल्या. मग तू म्हणालीस,

"दोन म्हणाली तर सात धरा. लहानपणी हात मोडला तेव्हा दोन दिवस तशीच खेळत होती. जगाचं सगळं बोलेल, स्वतःला दुखतंय तेवढं बोलणार नाही. तिला बोलावून घ्या, आपणहून यायची नाही."

त्यानंतर नर्सबाई मला फोन लावतच राहिली. कपाट वाजतंय म्हणून नातीने चादरी उपसल्या, फोन घेतला आणि सांगितलं, आजी टबात बसून रडतेय. मी रडत नव्हते. बहुतेक. सुनेने तिच्या हातातून फोन घेतला, ऐकून घेतलं, टॉवेल घेऊन माझ्याकडे आली. मी गुडघ्याचं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "आई, गुडघ्याला कुणी टबात बुडवून ठेवत नाही. कालपासून पाच वेळा टब ओला आहे. चला." बास, एवढंच. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरणीने पाहिलं. दोनातलं एक रबर केसभर खाली बसलं होतं, जिथे नस सुरू होते त्या काठावर. सुई देऊन तेवढी जागा बधिर केली आणि बारीक हुकाने रबर कापून काढलं. हातावर पाय देऊन उभं असलेलं माणूस बाजूला व्हावं, तसं झालं. मी तिथेच झोपेन असं वाटलं. तिने विचारलं, दोन का म्हणालात? मी म्हटलं, तुला वाईट वाटलं असतं. तिने हातमोजे काढले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"आजी, तुम्हाला आत काय होतंय ते मला दिसत नाही. मला तुमच्या आकड्यानेच दिसतं."

मग तिने नवी रीत सांगितली. बाळंतपणाशी तोलायचं नाही, कुणाशीच नाही. झोप मोडली का, बसता आलं का, नातीच्या बोलण्यावर हसता आलं का, एवढं स्वतःला विचारायचं आणि आकडा सांगायचा. मी म्हटलं, हसता नाही आलं. ती म्हणाली, मग ते सात.

सात, ताई. तू न बघता सांगितलंस.

आता मला काहीच समजेनासं झालंय. नऊ वर्षं तू माझं नाव घेत नाहीस आणि माझ्या दुखण्याचा आकडा मात्र तुला बरोबर येतो. रागाने म्हणालीस का, की बघा कशी आहे ती? की काळजीने? नर्सबाईला विचारलं, आवाज कसा होता. म्हणाली, साधा होता. साधा म्हणजे कसा, ते तिला सांगता येईना.

त्या जेवणाच्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. मी नुसती गंमत केली होती, तूच ती फार मनाला लावून घेतलीस. हे वाक्य मी खोडलंय. खोडूनही वाचता येतंय. राहू दे, मी असंही लिहिलं होतं हे तुला कळू दे.

तुझी
टकळी

२१ मार्च, शनिवार

ताई,

उत्तर नाही. येईल असं वाटलं होतं, का वाटलं कोण जाणे.

मी बरी आहे. राहिलेलं रबर सातव्या दिवशी गळलं, जरासं रक्त गेलं, कागदावर लिहिलं होतं तेवढंच. आता मी इसबगोलाची भुशी घेते, पाणी पिते आणि खुर्चीवर बसते. पूर्ण बसते ताई, दोन्ही बाजूंनी. नात माझ्या मांडीवर बसली आणि मी तिला ऊठ म्हटलं नाही. घरात सगळ्यांना सांगून टाकलंय, मुलगा लाजलाही नाही फारसा, म्हणाला त्यालाही आहे. मी हसून हसून पडायची राहिले.

आज दाखवायला गेले होते. डॉक्टरीण म्हणाली, छान. निघताना नर्सबाई म्हणाली, तुमच्या ताई फार काळजी करतात हं. त्या दिवशी तुम्हाला सांगायचं राहिलंच, फोन ठेवता ठेवता विचारत होत्या, रबर बसवल्यावर गाडीत सहा तास बसता येतं का. मी म्हटलं, करते खरी काळजी. आनंदाने जिना उतरायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

माझं घर दवाखान्यापासून दोन गल्ल्या. मला गाडीत बसायचं कशाला? सहा तास लागतात ते तुझ्या घरापासून इथपर्यंत.

सायकलवाला म्हणाला, आजी, चक्कर आली का. मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे अजून आहे तुला. नऊ वर्षं. त्या दिवसानंतर तू कुणाला दाखवलंच नाहीस, हो ना? कसं दाखवणार. मी आता ते लिहिते, जसं झालं तसं, कारण मी ते स्वतःलासुद्धा कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

तुझ्या लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदा तुझ्याकडे जेवायला आली होती. तू सारखी उठत होतीस, हे आण, ते आण. तिची सासू म्हणाली, विहीणबाई, दोन मिनिटं बसा की आमच्याबरोबर. आणि मला वाटत होतं, सगळ्यांनी माझ्याकडे बघावं. मी म्हटलं, ती कशी बसेल, तिला मूळव्याध आहे, तिच्या खुर्चीला खिळे असतात. सगळे हसले. नवा जावईसुद्धा हसला. तू हातातलं भांडं आवाज न करता टेबलावर ठेवलंस आणि आत गेलीस. मी बाहेर आणखी एक विनोद केला. तो काय होता ते मला आता आठवत नाही.

तू ते फक्त मला सांगितलं होतंस. आपण एका खोलीत निजलो होतो तेव्हा, भिंतीकडे तोंड करून.

इतकी वर्षं मी समजत होते की मी तुझी लाज काढली. तेवढंच असतं तर एक वेळ निभावलं असतं. मी तुझं औषध काढून घेतलं. हे मला आज पायरीवर कळलं.

परत वर गेले. नर्सबाईला तुझं नाव न सांगता विचारलं. ती म्हणाली, दूरचं माणूस असेल तर रबर बसवल्यावर दोन दिवस जवळपास राहावं, लगेच लांबचा प्रवास नको. म्हणजे दोन रात्री कुणाकडे तरी राहायला हवं. आमची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे, बाथरूम लागूनच आहे. सुनेला मी एवढंच सांगितलंय की ताई येईल कदाचित. का, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. मागायला लागले की मी बोलत सुटते आणि बोलण्यात ती हरवते. म्हणून इथेच थांबते.

तुझी
धाकटी

१ एप्रिल, बुधवार, दुपार

ताई,

हे पत्र पेटीत टाकत नाही, दाराखालून सरकवतेय. तुझ्या पत्रात तीनच ओळी होत्या. मंगळवारी येते. दोन रात्री राहीन. तू बोलायचं नाहीस. लिहायचं नाही असं तू म्हटलेलं नाहीस.

काल तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही एक क्षणभर. किती वाळलीस. तू म्हणालीस, जाड झालीस. मी मान हलवली. दवाखान्यात तू भिंतीला टेकून उभी राहिलीस, मी खुर्चीवर बसू शकत होते पण तुझ्याशेजारी उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही, मी कुणाला काही विचारलं नाही. आत जाताना तू तुझी पिशवी माझ्या हातात दिलीस. धरायला दिलीस की नुसती कुठेतरी ठेवायची म्हणून, ते मला कळलं नाही. मी ती खाली ठेवली नाही.

डॉक्टरीण म्हणाली, तुमचं बरंच जुनं आहे, एका वेळी एकच रबर लावू, नीट वर. संध्याकाळी नर्सबाईने आकडा विचारला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी खिडकीकडे बघितलं. तू म्हणालीस, पाच. आज सकाळी चार. मी त्यात काही धरायला सांगितलं नाही. तुझं चार म्हणजे चारच असतं.

आल्यापासून तू माझ्याशी सहा वाक्यं बोललीस, मी मोजलीयेत. त्यातली दोन टॉवेलबद्दल होती. मला समजत नाही ताई, तू माझ्याकडे आलीस की फक्त दवाखान्याकडे आलीस. रात्रभर विचार केला. दवाखान्याकडे आली असशील तरी चालेल. त्यासाठीही माझ्याच घरी उतरलीस.

आत्ता शेजारीण आली होती. तुला आवाज ऐकू आला असेल, म्हणून सांगते. कोण आलंय, खोलीचं दार का बंद, टब का बाहेर. तिला सगळं हवं असतं, आणि ती हसते फार छान, तिला हसवायला मला आवडतं. खोटं सांगत नाही, माझ्या जिभेवर आलं होतं. चांगलं होतं, ती खूप हसली असती. ते मी गिळलं. ताई, मला नव्हतं माहीत की गिळता येतं.

मी म्हटलं, माझी बहीण आलीय.

ती म्हणाली, बरं नाहीये का त्यांना?

मी म्हटलं, तसं काही नाही. मला भेटायला आलीय.

ती गेली. मी दार लावलं आणि तुझं पाणी तापत ठेवलं.

पाणी कोमट करून बादली बाहेर ठेवलीय, टॉवेल वरती आहे. मी स्वयंपाकघरात जाते, तू बाहेर आलीस तरी मी दिसणार नाही. गोळी चारला घे, खाल्ल्यावर. भुशी मी संध्याकाळी आणून देईन, तेव्हाही बोलणार नाही.

शेजारणीला सांगितलं ते खरं होतं की खोटं, तेवढं मात्र कधीतरी सांग. आज नको, उद्याही नको. तुला बसता यायला लागलं की सांग.

तुझी
धाकटी